दुसऱ्या खंडाचा प्रश्न

डिसेंबर २०२१मध्ये नाशिकला भरलेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी डॉ. जयंत नारळीकर यांची निवड झाली, तेव्हा विज्ञानकथेला मराठीत अखेर मानाचे पान मिळाले, असे सर्वत्र लिहिले आणि बोलले गेले. प्रकृतीच्या कारणामुळे ते प्रत्यक्ष व्यासपीठावर येऊ शकले नाहीत, तरी त्या निवडीचे मोल कमी होत नव्हते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवणारा शास्त्रज्ञ संमेलनाध्यक्ष होतो, ही त्या साहित्यप्रकारानेही कापलेली मोठी मजल होती. परंतु मान मिळाल्याने एखाद्या साहित्यप्रकाराचा विस्तार आपोआप होत नाही. मराठीत विज्ञानकथा विपुल आहे, विज्ञानकादंबरी तुरळक का होईना पण आहे. मात्र एकाच कल्पित जगात तीन, पाच, सात खंड वावरणारी आणि वाचकाला दहा-वीस वर्षे सोबत करणारी विज्ञानकादंबऱ्यांची किंवा अद्भुत कादंबऱ्यांची मालिका जवळजवळ नाही. ज्या मराठी वाचकाला तसे काही हवे असते तो मुकाट्याने इंग्रजीकडे वळतो, आणि एकदा वळलेला वाचक सहसा परत येत नाही. ही उणीव कल्पनाशक्तीची आहे असे मला वाटत नाही. ती आपल्या छापण्याच्या, विकत घेण्याच्या आणि वाचनालयात पुस्तके ठेवण्याच्या रीतीतून आली आहे, आणि म्हणूनच ती दूर करता येण्यासारखी आहे.

मालिका म्हणजे ताणून लांबवलेली गोष्ट, असा एक समज आहे आणि पुष्कळ मालिकांनी तो खरा करून दाखवला आहे. पण चांगल्या मालिकेत लांबीला कारण असते. पहिल्या खंडात लेखक वाचकाकडून काही गोष्टी गृहीत म्हणून मागून घेतो: या जगात जादू चालते, इथे ताऱ्यांच्या पलीकडे जाता येते, हा मुलगा तारणहार आहे. वाचक हे सारे उदारपणे देतो. दुसऱ्या खंडापासून लेखकाला त्याचा हिशेब द्यावा लागतो. ती जादू कोणाला मिळाली नाही, तो शोध लागल्यावर तिसऱ्या पिढीचे काय झाले, तारणहाराने राज्य कसे चालवले, हे प्रश्न एका खंडात मावत नाहीत, कारण त्यांना काळ लागतो. ज्या मालिकेचे पुढचे खंड पहिल्या खंडाची उलटतपासणी घेतात तीच मला वाचण्याजोगी वाटते. ज्या मालिकेचे पुढचे खंड नकाशात नवे प्रांत आणि पात्रांच्या यादीत नवी नावे एवढीच भर घालतात तिचा पहिला खंड वाचून थांबावे.

फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ मालिका या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे. १९६५ साली आलेला पहिला खंड वीसहून अधिक प्रकाशकांनी नाकारला होता आणि शेवटी तो मोटारदुरुस्तीच्या पुस्तिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या चिल्टन या प्रकाशनसंस्थेने काढला. अराकिस नावाचा वाळवंटी ग्रह, अंगाचा घामसुद्धा गाळून पुन्हा पिण्यासाठी वापरायला लावणारी तिथली पाणीटंचाई, त्या वाळूतच मिळणारा आणि साऱ्या आकाशगंगेचा व्यवहार ज्यावर चालतो तो मसाला, आणि या सर्वांच्या मध्यभागी परागंदा राजपुत्र पॉल. पहिला खंड त्याच्या विजयावर संपतो आणि वाचक टाळ्या वाजवतो. १९६९ साली आलेल्या दुसऱ्या खंडात कथेतील बारा वर्षे लोटली आहेत, आणि पॉल स्वतःच आपल्या नावाने चाललेल्या धर्मयुद्धाचा आकडा सांगतो: एकसष्ट अब्ज माणसे मेली, नव्वद ग्रह निर्जीव झाले. ज्या विजयावर आपण टाळ्या वाजवल्या त्याची ही किंमत होती, हे वाचकाला पहिल्या खंडाने कधीच सांगितलेले नसते. सूचित केलेले असते, आणि ते आपण विजयाच्या भरात वाचूनही न वाचल्यासारखे केलेले असते. पुढे तर याहून सूक्ष्म गोष्ट घडते. वाळवंट हिरवे करण्याचे जे स्वप्न पहिल्या खंडात सर्वांत पवित्र होते, ते पुरे होऊ लागते. पण पाणी हे तिथल्या महाकाय वाळूकिड्यांना विष असते, किडे मरू लागतात, आणि किड्यांबरोबर मसाला संपत जातो. ज्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या थेंब साठवले त्यांचेच स्वत्व पाण्याबरोबर वाहून जाते. चौथ्या खंडात कथा साडेतीन हजार वर्षे पुढे जाते. तो खंड मला जड वाटला, त्यातील प्रवचने मी दुसऱ्या वाचनात सरळ ओलांडली. पण एका पाटबंधारे योजनेचा परिणाम हजारो वर्षांच्या पट्ट्यावर तपासून पाहण्याची लेखकाची जिद्द मान्य करावीच लागते.

अर्सुला ले ग्विन यांनी ‘अर्थसी’मध्ये हीच गोष्ट वेगळ्या आणि मला अधिक भावणाऱ्या रीतीने केली. १९६८ ते १९७२ या काळातील पहिले तीन खंड अगदी देखणे आहेत. समुद्रातील बेटांचे जग, वस्तूचे खरे नाव जाणणे हीच जादू, आणि नायक गेड हा तांबूस-तपकिरी वर्णाचा, ही त्या काळच्या इंग्रजी अद्भुत कादंबरीत धाडसाची गोष्ट. मात्र या जगात जादूचे शिक्षण पुरुषांनाच मिळे. स्त्रीची जादू क्षुद्र किंवा दुष्ट मानली जाई, आणि ते असे का, हे त्या खंडांनी कधी विचारले नाही. अठरा वर्षांनी, १९९० साली, ले ग्विन त्या जगात परतल्या आणि ‘तेहानू’ या चौथ्या खंडात हाच प्रश्न त्यांनी मध्यभागी ठेवला. नायक आपली शक्ती गमावून बसला आहे; एक मध्यमवयीन विधवा आणि एक भाजलेली, अत्याचार सोसलेली मुलगी यांच्या घरात कथा घडते. अनेक जुन्या वाचकांना तो खंड आवडला नाही. मला तो मालिकेतील सर्वोत्तम वाटतो, कारण लेखिकेने स्वतःच निर्माण केलेल्या जगावर अन्याय्य असल्याचा ठपका ठेवला आणि तरीही ते जग मोडून टाकले नाही. एकाच कादंबरीत हे शक्य नव्हते. अठरा वर्षे जाऊ द्यावी लागली.

याउलट आयझॅक असिमॉव्ह यांच्या ‘फाउंडेशन’ मालिकेत पुढची भर कशी घातक ठरते हेही दिसते. समाजाच्या भवितव्याचे गणित मांडता येते, ही तिची मूळ कल्पना, आणि ते गणित ‘म्यूल’ नावाच्या एकाच अनपेक्षित माणसामुळे फसते, हा दुसऱ्या पुस्तकातील तडाखा, इथवर ती मालिका स्वतःवरच संशय घेत पुढे जाते. १९५३ नंतर जवळजवळ तीस वर्षांनी, प्रकाशकांच्या आणि वाचकांच्या आग्रहामुळे, १९८२ पासून ती पुन्हा सुरू झाली, आणि मग लेखकाने आपल्या यंत्रमानवांच्या कथांचे जगही तिच्यात आणून जोडले. सगळे धागे एकाच गाठीत बांधण्याच्या या हौसेने गणिताची जागा एका अदृश्य रखवालदाराने घेतली आणि माणसांच्या समूहाची ती कथा पोरकी झाली, असे माझे मत आहे. टोल्किन यांचे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मी या चर्चेत घेत नाही, कारण ती खरे तर एकसंध कादंबरी आहे. छपाईचा खर्च आणि युद्धोत्तर काळातील कागदाची टंचाई यांमुळे १९५४-५५ मध्ये ती तीन भागांत निघाली. रॉबर्ट जॉर्डन यांच्या चौदा खंडांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’विषयी एवढेच म्हणेन की त्यातील मधले तीन-चार खंड वाचताना काळाचे चक्र खरोखरच थांबल्यासारखे वाटते.

आता मराठीकडे वळतो. मराठी वाचकाला मालिकेचा कंटाळा आहे, असे कोणी म्हणत असेल तर त्याला आपल्याच वाङ्मयाच्या इतिहासाचा विसर पडला आहे. हरि नारायण आपट्यांच्या कादंबऱ्या १८९० पासून ‘करमणूक’मधून हप्त्याहप्त्यानेच घरोघर पोहोचल्या. नाथमाधवांनी स्वराज्याच्या स्थापनेवर कादंबऱ्यांची मालिका लिहिली. त्याच नाथमाधवांची ‘वीरधवल’ ही अद्भुतरम्य कादंबरी आमच्या आजोबांच्या पिढीने कंदिलाच्या उजेडात वाचली. वि. वा. हडप यांनी ‘कादंबरीमय पेशवाई’ खंडामागून खंड लिहून काढली आणि लोकांनी ती वाचली. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, नारायण धारपांचे समर्थ ही सर्व एकाहून अधिक पुस्तकांतून परत परत भेटणारी माणसे. मालिकेची भूक होती आणि ती भागतही होती. पण या परंपरेच्या दोन वाटा झाल्या. इतिहासाच्या वाटेवर काळ पुढे सरकत असे, मात्र शेवट आधीच ठाऊक असे; गुप्तहेर आणि भयकथेच्या वाटेवर शेवट ठाऊक नसे, पण काळच सरकत नसे. फास्टर फेणे मोठा होत नाही, आणि त्याने तो व्हावा अशी आमची इच्छाही नव्हती. काळ पुढे सरकतो आहे आणि शेवट कोणालाच ठाऊक नाही, अशी तिसरी वाट मात्र कोणी पुरेशी चालून पाहिली नाही. विज्ञानकादंबरीची ती हक्काची वाट होती.

ती का चालली गेली नाही, याचे मला दिसणारे सर्वांत मोठे कारण म्हणजे दिवाळी अंक. हे म्हणताना मला संकोच वाटतो, कारण काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढल्यापासून मराठी लघुकथेला या परंपरेने जे दिले ते दुसऱ्या कोणत्याही व्यवस्थेने दिले नसते. नारळीकर, लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांची विज्ञानकथा मुख्यतः नियतकालिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या पानांवर वाढली. पण दिवाळी अंकातील कथा ही दहा-पंधरा पानांत सुरू होऊन संपायला हवी. वाचक तोच राहील याची खात्री नाही, पुढच्या वर्षी संपादक त्याच लेखकाला विचारेल याची खात्री नाही, म्हणून प्रत्येक कथेला आपला जम शून्यापासून बसवावा लागतो आणि शेवटच्या परिच्छेदात धक्का द्यावा लागतो. या चौकटीत शोध लागतो, यंत्र चालते, शास्त्रज्ञ हादरतो आणि कथा संपते. त्या यंत्राचे पुढे काय झाले, ते तालुक्याच्या गावी कधी पोहोचले, त्याने कोणाची नोकरी घालवली, त्याच्या दुरुस्तीचे कंत्राट कोणाला मिळाले, हे सांगायला जागाच उरत नाही. विज्ञानाच्या परिणामांविषयी बोलणारा साहित्यप्रकार परिणाम सुरू होण्याआधीच पडदा पाडतो.

बाहेरच्या मालिका नियतकालिकांतूनच घडल्या, हे मुद्दाम सांगायला हवे. ‘फाउंडेशन’च्या कथा १९४२ पासून ‘अस्टाउंडिंग’ या मासिकात येत होत्या. ‘ड्यून’ पुस्तकरूपाने येण्याआधी ‘अ‍ॅनालॉग’मधून क्रमशः प्रसिद्ध झाली होती. चिनी लेखक लिऊ त्सशिन यांची ‘थ्री बॉडी’ त्रयी २००६ साली एका चिनी विज्ञानकथा मासिकातून सुरू झाली. तिच्या पहिल्या खंडाच्या इंग्रजी भाषांतराला २०१५ साली ह्यूगो पुरस्कार मिळाला, तोवर चिनी वाचकांनी तिन्ही खंड वाचून त्यावर भांडणेही केलेली होती. म्हणजे नियतकालिक हे मालिकेच्या आड येत नाही. वर्षातून एकदाच येणारे आणि प्रत्येक वेळी नवी पाटी मागणारे नियतकालिक आड येते. अलीकडे श्राव्यपुस्तकांच्या अ‍ॅपवर मराठीत भागाभागांनी मूळ मालिका ऐकवल्या जातात आणि त्या ऐकल्या जातात, ही चांगली खूण आहे. मात्र त्यांतील भर रहस्य आणि भय यांवर अधिक दिसतो.

एक आक्षेप नेहमी येतो, तो असा की आपल्याकडे महाभारत आहे, पुराणे आहेत, त्यामुळे वेगळ्या कल्पित जगाची गरज नाही. ‘ययाति’ आणि ‘मृत्युंजय’ यांनी पुराणकथेत नवा प्रश्न विचारता येतो हे दाखवले, हे खरेच. तरी कर्ण अर्जुनाच्या बाणानेच मरणार असतो. ज्या समाजाला आपले पुढचे पन्नास वर्षांचे पाणी, वीज, शेती आणि रोजगार यांचा विचार करायचा आहे, त्याला शेवट न ठरलेल्या कथांचीही सवय हवी. शिवाय विस्तीर्ण कल्पित कथा परकी आहे, हेही खरे नाही. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये ‘कथासरित्सागर’ रचला तो गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’वरून, आणि आख्यायिकेनुसार हा गुणाढ्य आपल्याच गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, सातवाहन राजाच्या दरबारातला. पांडवलेण्यांतील शिलालेखांमुळे सातवाहन नाशिककरांना अनोळखी नाहीत. राजाने ग्रंथ नाकारला म्हणून गुणाढ्याने रानात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवले आणि अग्नीत टाकले. राजा धावत आला तेव्हा सात लक्ष श्लोकांपैकी एकच लक्ष उरले होते. सात भागांच्या मालिकेतला केवळ शेवटचा भाग शिल्लक असण्याची ही बहुधा पहिली नोंद असावी, आणि आमच्या वाचनालयांनी ती परंपरा निष्ठेने पाळली आहे.

कारण वाचनालयांचा प्रश्न गंभीर आहे. एका वाचनालयात मला एका प्रसिद्ध मालिकेचे पहिला, दुसरा आणि चौथा असे खंड मिळाले. तिसरा हरवला होता आणि तो पुन्हा घ्यावा असे कोणाला वाटले नव्हते. मालिकेचे खंड वेगवेगळ्या वर्षी निघतात, खरेदी त्या त्या वर्षीच्या यादीनुसार होते, आणि नोंदवहीत प्रत्येक खंड स्वतंत्र पुस्तक म्हणून पडतो. १९६७ च्या कायद्यानुसार महाराष्ट्रात ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते; त्या चौकटीत संच पूर्ण ठेवणे हीदेखील गुणवत्तेची एक बाब का मानू नये? १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय ज्या नाशिक शहरात आहे आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाच्या ग्रंथपेट्या ज्या शहरातून बाहेर पडल्या, तिथे एखादी पेटी संपूर्ण मालिकांची असणे अशक्य नाही. अपूर्ण मालिकांचा प्रश्न उरतो. जॉर्ज मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेचा पाचवा खंड २०११ साली आला आणि सहाव्याची वाट जगभर पाहिली जाते आहे. लेखक वाचकाचा ऋणको नाही, त्याने लिहिलेच पाहिजे असे मी म्हणणार नाही. पण मर्यादित पैशांत खरेदी करणाऱ्या वाचनालयाने पूर्ण झालेल्या मालिकांना आधी जागा द्यावी, हे वाजवी आहे.

मराठी मालिका कशी असू शकेल, हे सांगायला मला नाशिकबाहेर जावे लागत नाही. वर गंगापूर धरण, खाली पैठणला जायकवाडी, आणि दोघांच्या मध्ये द्राक्षबागा, साखर कारखाने, वाढती शहरे आणि दर अवर्षणात पेटणारा वरच्या आणि खालच्या खोऱ्याचा वाद. २००५ च्या कायद्याने समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व आणले, मेंढेगिरी समितीने धरणातील साठ्याचे निकष ठरवले, प्रकरणे न्यायालयात गेली. अराकिसवरील पाण्याची गोष्ट वाचून थक्क होणाऱ्या नाशिकच्या तरुण वाचकाच्या घरातच, नळाला येणाऱ्या पाण्यामागे, तितकीच गुंतागुंतीची गोष्ट आहे. तिला लागणारा काळाचा साचाही इथे तयार आहे. गुरू सिंह राशीत येतो तेव्हा, सुमारे दर बारा वर्षांनी, सिंहस्थ भरतो: २००३, २०१५, आता २०२७. प्रत्येक सिंहस्थासाठी शहर बदलले जाते, रस्ते रुंद होतात, घाट बांधले जातात, पात्रात काँक्रीट पडते आणि पुढच्या सिंहस्थापूर्वी तेच काँक्रीट काढण्याची मागणी होते. एक खंड २०२७ चा, दुसरा २०३९ चा, तिसरा त्यानंतरचा, अशी मालिका कोणी लिहिली तर प्रत्येक खंडाला मागच्या खंडातील निर्णयांचा जाब आपोआप विचारावा लागेल. पहिल्या खंडातील लोकप्रिय अभियंता तिसऱ्या खंडात ज्या वस्तीचे पाणी तोडून बसला आहे, ती वस्ती त्याला काय म्हणेल, हे मला वाचायचे आहे.

प्रकाशक म्हणतात की हजार प्रतींच्या आवृत्तीत दुसरा खंड छापणे परवडत नाही, कारण पहिला ज्यांनी घेतला तेच तो घेणार. हे गणित मी नाकारत नाही. म्हणूनच सुरुवात पुस्तकापासून करू नये असे माझे म्हणणे आहे. विज्ञानकथा छापणाऱ्या चार-पाच दिवाळी अंकांपैकी एकाने जरी एका लेखकाला सलग तीन वर्षांचे निमंत्रण दिले, जग एकच ठेवण्याची अट घातली आणि मागील कथेचा अर्ध्या पानाचा सारांश छापला, तर तीन दिवाळ्यांत पहिल्या खंडाचे हस्तलिखित तयार होईल आणि त्याचा वाचकही. वर्षभराच्या अंतराने वाचक विसरेल, अशी भीती संपादकांना वाटणे साहजिक आहे. पण मार्टिन यांच्या सहाव्या खंडासाठी २०११ पासून थांबलेले वाचक याच शहरात आहेत, आणि त्यांना पाचव्या खंडातील किरकोळ सरदारांची नावेसुद्धा अजून पाठ आहेत.